जीपगाडीचा जीर्णोद्धार

गोव्यात केरी या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. दुसरे फोंड्यात, विजयादुर्गेच्या देवालयामुळे प्रसिद्ध असलेले. आणि तिसरे पेडण्यात, तेरेखोल नदी जेथे समुद्रास मिळते तेथे. पेडण्याच्या या केरीत एका बाजूस सुरूच्या झाडांमागे पसरलेली वाळू, दुसऱ्या बाजूस नदीचे खारे पाणी, आणि पाठीशी जांभ्या दगडाचे उघडे पठार. पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला दिसतो. पण तेथे पोचावयाचे तर फेरीबोटीत चढावे लागते, नाही तर आरोंद्यावरून दूरचा वळसा घ्यावा लागतो. वाळू, खारे पाणी, चढउतार आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस, इतक्या गोष्टी ज्या गावी एकत्र येतात, तेथे कोणत्याही चाकाच्या वाहनाची खरी परीक्षा होते. अशा परीक्षेत गेली सत्तर-पाऊणशे वर्षे टिकून राहिलेले वाहन म्हणजे जीपगाडी. ती कशी जन्मली, इकडे कशी आली आणि मुख्य म्हणजे ती आजवर जगली कशी, हा इतिहास मोठमोठ्या कारखान्यांचा जितका आहे, तितकाच तो लहान-लहान गॅरेजांतल्या मिस्त्रींचाही आहे.

पेडणे, डिचोली व सत्तरी हे प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती उशिरा आले. तेरेखोलचा किल्ला त्यांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ मध्ये घेतला; पेडणे महाल तर १७८८ मध्ये त्यांच्या राज्यास जोडला गेला. गोव्यातील या नव्या काबिजादी जुन्या काबिजादींच्या मानाने नेहमीच उपेक्षित राहिल्या. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या बेचक्यात पेडणे सापडलेले. माणसे होडीने, तरीने, पायी किंवा बैलगाडीने जात. ज्यांना परवडे ते मचील्यात बसून जात. मोटार आली ती प्रथम पक्क्या रस्त्यापुरतीच आली. रस्ता संपला की मोटारीचे सामर्थ्यही संपे.

रस्ता संपल्यावरही चालेल अशा लहान गाडीची निकड शेतकऱ्याला किंवा वैद्याला पूर्वीपासून होती; पण ती पुरविण्याची घाई झाली ती युद्धामुळे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या चारचाकी गाडीची मागणी केली. तिच्या चारही चाकांना एंजिनाची शक्ती मिळावी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत तयार व्हावा, अशी अट होती. पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने हे आव्हान स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्करापुढे उभी राहिली. परंतु बँटमची उत्पादनशक्ती तोकडी होती. पुढे ओहायोतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीचा नमुना लष्कराने पसंत केला. आणि एकट्या विलिसला मागणी पुरी करता येईना, तेव्हा त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनविण्याचे काम फोर्ड कंपनीलाही देण्यात आले. महायुद्ध संपेतो दोन्ही कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या.

जीपच्या दीर्घायुष्याचे बीज याच व्यवस्थेत आहे. दोन निरनिराळे कारखाने एकच गाडी बनवीत होते, आणि विलिसचा भाग फोर्डला व फोर्डचा विलिसला बसला पाहिजे, असा दंडक होता. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, स्वतःचे आद्याक्षर उठविले. पण मापात फरक केला नाही. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी, हा त्यामागचा हेतू. एंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. त्याचे वॉल्व्ह खालच्या ठोकळ्यातच बसविलेले, त्यामुळे वरचे झाकण म्हणजे हेड हे जवळजवळ सपाट लोखंडी पाटच असे. ते काढावयास पान्यांचा साधा संच पुरे. बॅटरी सहा व्होल्टची, पत्रा सपाट, काच सपाट, काचेची चौकट पुढे आडवी पडणारी. ही गाडी सुंदर दिसावी असा कोणाचाही आग्रह नव्हता. दुरुस्त करता यावी असा मात्र होता.

युद्धकाळात ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या निमित्ताने या गाड्या मोठ्या संख्येने भारतात आल्या. युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेल्या लष्करी मालाची विक्री सुरू झाली. त्या ‘डिस्पोजल’च्या बाजारातून जीप प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. भंगाराच्या ढिगातून निवडून आणलेली गाडी पुन्हा रस्त्यावर चालू करणे, हे देशातील अनेक मिस्त्रींचे पहिले विद्यालय ठरले.

जुनी गाडी दुरुस्त करणे आणि दुरुस्त केल्याचा देखावा करणे या दोन गोष्टींत अंतर किती, याचा धडाही त्याच सुमारास मिळाला. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असता लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत लष्करासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार झाला. त्यांपैकी १५५ गाड्या भारतात उतरल्या, आणि त्या लष्कराच्या उपयोगाच्या नाहीत असे आढळून आले. स्वतंत्र भारतातील पहिल्या मोठ्या संसदीय वादांपैकी तो एक; सरकारने १९५५ मध्ये ते प्रकरण मिटले असे जाहीर केले. त्याच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु यंत्रज्ञाच्या दृष्टीने त्यातले सार एवढेच की, जुन्या गाडीचा रंग पाहून तिची परीक्षा करू नये. तिचे तेल पाहावे, बेअरिंगे पाहावीत, चेसिस ठोकून पाहावी.

दरम्यान मुंबईत एक नवा अध्याय सुरू झाला होता. १९४५ मध्ये महिंद्र बंधू व मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर-जनरल झाले; आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. विलिसच्या सुट्या भागांतून जीपगाड्या जुळविण्याचे काम या कंपनीने मुंबईत माझगावला चालू केले, आणि हळूहळू ते सुटे भागही भारतातच बनू लागले. १९५३ पासून अमेरिकेत निघू लागलेला उंच बॉनेटचा नमुना इकडेही आला. अमेरिकेत तो १९६८ मध्ये बंद पडला. भारतात मात्र त्याची वंशवेल पुढे कित्येक दशके वाढत राहिली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेडोपाडी दिसू लागली. हिवताप निर्मूलनाची औषधे, निवडणुकीच्या मतपेट्या, दुष्काळी कामांचे मोजमाप ही सर्व कामे जीपने वाहिली. सरकारी गाडी निकामी ठरून लिलावात निघाली की ती एखाद्या खेडुताच्या दारी जाई आणि तिचा दुसरा जन्म सुरू होई.

गोव्याची कथा मात्र त्या काळी निराळी होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला, आणि केरीसमोरचा तो लहानसा किल्ला साऱ्या देशाच्या तोंडी झाला. पुढच्या वर्षी सीमा बंद झाल्या, रेल्वेचे दळणवळण तुटले. पेडण्याच्या माणसाला सावंतवाडीचा बाजार दिसत होता, पण तेथला माल आणता येत नव्हता. उलट समुद्रमार्गे परदेशी वस्तू गोव्यात सहज येत. जर्मनीच्या, इंग्लंडच्या, अमेरिकेच्या मोटारी पणजीत व मडगावात मिरवत. याच दशकात डिचोली महालात लोहखनिजाचा उद्योग भरास आला. शिरगावच्या खाणीत जपानी साह्याने यंत्रे आली, मांडवीच्या पात्रात खनिजाच्या बार्जी वाढल्या, आणि तांबड्या धुळीच्या कच्च्या वाटांवर भार वाहणारी यंत्रे दिवसरात्र राबू लागली. जेथे यंत्रे राबतात तेथे ती मोडतात, आणि जेथे मोडतात तेथे दुरुस्त करणारे हात तयार होतात. डिचोलीच्या परिसरात यंत्रकामाची जी परंपरा रुजली, तिचे मूळ या खाणींत आहे.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, कोलवाळ व अस्नोडा येथील पूल उडवून दिले. पूल तुटले तरी भारतीय सैन्य थांबले नाही. त्याच दिवशी सायंकाळी एक तुकडी मांडवीकाठी बेतीस पोचली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. मुक्तीबरोबर भारताचे आयात-नियंत्रणही गोव्यास लागू झाले. हा बदल मोटारमालकांना वेगळ्याच रीतीने जाणवला. ज्या परदेशी मोटारींचे सुटे भाग कालपर्यंत बंदरावर उतरत, ते दुर्मिळ झाले. जीपचे मात्र उलट घडले: तिचे भाग मुंबईत बनत होते आणि मुंबईचा रस्ता आता मोकळा झाला होता. दिमाखदार मोटारी अंगणात उभ्या राहिल्या, आणि साधी जीप चालत राहिली. वाहनाचे आयुष्य त्याच्या मूळ किमतीवर नव्हे, तर त्याचा लहानात लहान भाग किती सहज मिळतो यावर अवलंबून असते, ही गोष्ट त्या दशकाने शिकविली.

परंतु भाग मिळणे हे अर्धेच काम. तो कोठे, केव्हा व का बदलावयाचा हे ज्ञान उरलेले अर्धे. किनाऱ्यावरच्या जीपचे शत्रू तीन: मीठ, पाणी आणि धूळ. त्यांत मीठ सर्वांत कपटी, कारण ते दिसत नाही. ओल्या वाळूवरून गाडी गेली की खारट चिखल चेसिसच्या पोकळ भागांत शिरतो व तेथे वाळून बसतो. वरचा रंग चकचकीत असतो आणि आतले लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असते. युद्धकालीन जीपमध्ये फरशीखालच्या पत्र्याच्या पन्हळीत लाकडाच्या पट्ट्या बसविलेल्या असत. बळकटीसाठी केलेली ही योजना दमट हवेत घातक ठरली. लाकूड ओल धरून ठेवी आणि पत्रा आतून कुजे. म्हणून जाणता मिस्त्री फरशीवर नवा पत्रा नुसता चिकटवीत नाही. गंजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढतो आणि मगच जोड देतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला वापरलेले काळे तेल फासण्याची जुनी चाल कोकणात आहे. त्याने गंज काही काळ थोपतो खरा. पण तेच तेल रबरी बुशांना व ब्रेकच्या नळ्यांना खाते आणि पहिल्या पावसाबरोबर शेतात उतरते. गोड्या पाण्याने वेळच्या वेळी गाडी खालून धुणे हा उपाय कमी नाट्यमय, पण अधिक गुणकारी आहे.

पाण्याची करामत याहून सूक्ष्म. गाडी चालून चालून मागचा-पुढचा आस तापलेला असतो. अशी तापलेली गाडी एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात घातली, की आसाच्या पेटीतील हवा आकुंचन पावते आणि तेलाच्या सीलांवाटे बाहेरचे पाणी आत ओढले जाते. गाडी पलीकडे पोचते, चालक समाधान पावतो. पण पेटीतले तेल ताकासारखे पांढरट झालेले असते, आणि काही महिन्यांनी दातेरी चक्रे खरवडून निघतात. म्हणून पाण्यात घालण्यापूर्वी गाडी थोडी थंड होऊ द्यावी, आणि खोल पाण्यातून गेल्यावर तेल तपासावे. खोल पाणी असेल तर पंख्याचा पट्टा काढून ठेवण्याची युक्तीही जुनी आहे; पंखा फिरला नाही की पाण्याचे तुषार डिस्ट्रिब्यूटरवर उडत नाहीत. पेट्रोल जीप पावसात हटून बसते ती बहुधा या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात साचलेल्या दमटपणामुळे. कोरडे फडके, स्वच्छ पॉइंट व योग्य फट एवढ्यावर ती पुन्हा सुरू होते.

धूळ हवेतून एंजिनात जाते. तिला अडविण्यासाठी जीपला तेलाच्या भांड्याची हवागाळणी असते. आत येणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. खाणीच्या वाटेवर हे भांडे दर काही दिवसांनी तळाशी गाळाने भरते. ते साफ करण्याचा आळस केला, तर तीच तांबडी माती सिलिंडरच्या भिंती घासून काढते आणि एंजिन तेल पिऊ लागते.

जीपच्या स्वतःच्या खोडीही आहेत. चारही चाकांना शक्ती वाटणारी ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या मागे असते आणि हँडब्रेकचा ड्रम तिच्याच मागच्या टोकाशी बसविलेला असतो. तेथले सील झिजले की तेल थेट ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरते आणि चढावर उभी केलेली गाडी हळूच मागे सरकू लागते. नुसत्या पट्ट्या बदलून हा दोष जात नाही. आधी सील बदलले पाहिजे, आणि सील का झिजले हे पाहण्यासाठी शाफ्टची बेअरिंगे तपासली पाहिजेत. पुढची दोन चाके शक्तीला जोडण्याचा दांडा केवळ वाळू, चिखल वा निसरड्या जागेसाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जोडून गाडी चालविली, तर वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर तोडतात, आणि त्या फरकाचा पीळ साऱ्या शाफ्टांत साठतो. दोष दिसतो एका ठिकाणी, कारण असते दुसऱ्या ठिकाणी. रोगाचे मूळ शोधणे व लक्षण झाकणे यांतला हा भेद चांगल्या वैद्यास जसा ठाऊक असतो, तसाच चांगल्या मिस्त्रीसही.

१९७० च्या दशकात पेट्रोल महागले आणि जीपच्या इतिहासाने नवे वळण घेतले. मूळ पेट्रोल एंजिनाच्या जागी डिझेल एंजिने येऊ लागली. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातील, आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो बनावटीची. कारखान्याने जे केले तेच गॅरेजांनीही आपल्या परीने केले. एका गाडीचे एंजिन, दुसरीची गिअरबॉक्स, तिसरीचे आस अशी जुळवाजुळव करून असंख्य जुन्या गाड्या उभ्या राहिल्या. सातारा-सांगलीकडचे वडाप, विदर्भ-मराठवाड्यातील काळी-पिवळी ही ग्रामीण प्रवासाची साधने अशाच हातांच्या भरवशावर चालली. गोव्यात कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे प्रवाशांना नेणाऱ्या जीपगाड्या आजही अरण्यातील ओढ्यांच्या पात्रांतून जातात. पाऊस सरून पाणी उतरले की त्यांचा हंगाम सुरू होतो, आणि त्यांच्या चालकांना सील, तेल व ब्रेक यांची महती कोणी सांगावी लागत नाही.

आता या परंपरेपुढे एक निराळाच प्रश्न उभा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याचे नियम केले. त्यांना स्वतंत्र क्रमांकपट्टी मिळते, आणि त्यांचा रोजचा वा धंद्याचा वापर करता येत नाही. मुख्य अट अशी की, चेसिस, सांगाडा व एंजिन मूळ स्वरूपात असावे. वारसा जपण्याच्या दृष्टीने ही अट योग्यच आहे. तिकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपात परवानगीविना फेरफार करू देत नाही. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने तेही योग्यच. परंतु या दोन योग्य नियमांच्या मधोमध ती जीप सापडते, जी कधी संग्रहालयाची वस्तू नव्हती आणि कधी नवीकोरीही नव्हती. जी चालत राहावी म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बदलली गेली. शोभेच्या फेरीत निघणारी जीप आणि फेरीबोटीवर नारळाची पोती घेऊन चढणारी जीप यांचे मोल एकाच मापाने मोजता येत नाही.

गोव्यातील देवालयांचा इतिहास जाणणाऱ्यास हा पेच अपरिचित वाटणार नाही. कौले बदलली, खांब बदलले, गाभारा नव्याने बांधला, तरी गाव ते देऊळ तेच मानतो. त्यास जीर्णोद्धार म्हणतो, नवे देऊळ म्हणत नाही. कारण सातत्य दगडात नसून सेवेत असते. जीपचेही तसेच. टोलेडोच्या कारखान्यातला आराखडा, माझगावचे सुटे भाग, डिचोलीच्या खाणीवर तयार झालेले हात आणि पेडण्याच्या वाळूने शिकविलेले शहाणपण यांतून ती घडत आली. मात्र देवळाच्या जीर्णोद्धाराला गवंडी लागतो, सुतार लागतो. आणि ते कसब नुसत्या पोथीतून येत नाही, हाताखाली राहून येते. सील का गळले याचे कारण शोधणारा मिस्त्री आज वयस्क झाला आहे, आणि त्याच्या शेजारी पाना धरून उभा राहणारा पोरगा सर्वत्र दिसत नाही. तांत्रिक शाळांनी नव्या विजेवरच्या वाहनांची विद्या शिकवावी. ती अपरिहार्य आहे. पण एखादी जुनी जीपही त्यांच्या आवारात असावी. उघडून पाहता येते, हाताने समजते आणि जोडून पुन्हा चालते, असे यंत्र विद्यार्थ्याला कारणापर्यंत जाण्याची सवय लावते.

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची फळी खाली पडते, ओल्या लोखंडावर चाके क्षणभर घसरतात, आणि जुनी गाडी पहिल्या गिअरात सावकाश वर चढते. तिच्या चढण्यात पाऊण शतकाची दुरुस्ती आहे. ती थांबेल त्या दिवशी बंद पडलेले एंजिन पुन्हा चालू करता येईल. ते चालू करणारे हात मात्र एकदा गेले की कोणत्याही दुकानात मिळावयाचे नाहीत.